रंगाचा शेवटचा हात

४ जानेवारी

साडूबुवा,

नमस्कार नंतर घालतो. आधी हे सांगा, दात उपटायचं सोडून इंजिनं कधीपासून करायला लागलात?

धाकटीचं पत्र आलं. आमची थोरली दुकानात येऊन आपल्या बहिणीचं ते पत्र मोठ्यानं वाचत होती. बाबा तुमच्याकडे राहायला आल्यापासून कसे रमलेत, जेवतात किती, झोपतात किती, सगळं झालं आणि मग एकदम, ‘यांनी आगगाडीचं एक छोटं इंजिन करायला घेतलंय, बाबा दिवसभर शेजारी खुर्ची टाकून बसतात.’ मी तेव्हा डोळ्याला भिंग लावून एका बाईंच्या घड्याळात स्प्रिंग बसवत होतो. ती स्प्रिंग जी उडाली ती अजून सापडलेली नाही. बाईंना काय सांगू?

बरं, इंजिन कोणतं, तर म्हातारी! बाबांची म्हातारी! आठ चाकांच्या ज्या धुडावर त्यांनी अर्धी नोकरी काढली, आणि जिच्याबद्दल बोलायला लागले की सासूबाईंबद्दल बोलताहेत की इंजिनाबद्दल हे कळत नाही, ती. अहो, म्हातारी मी करतोय. गेली कित्येक वर्षं करतोय. पितळी पत्र्यापासून. एकेक रिव्हेटचा फुगवटा सुईच्या टोकानं मागून ठोकून. जगात दुसरी इंजिनं नव्हती का?

माझ्या मागच्या खोलीतले रूळ तुम्ही पाहिलेत. स्टेशन, बोगदा, दाराशी उचलायचा पूल. बाबाही एकदा आले होते. मी गाडी सोडली. ते म्हणाले, ‘छान आहे. कुठे जाते?’ म्हटलं, खोलीभर फिरून इथंच येते. म्हणाले, ‘मग निघते कशाला?’ आणि चहा मागितला. बस्स, एवढंच कौतुक आमच्या वाट्याला. तुमच्याकडे मात्र दिवसभर खुर्ची टाकून!

असो. तुम्हाला शुभेच्छा द्यायला हव्यात, म्हणून दिल्या.

तुमचा थोरला साडू

---

१५ जानेवारी

प्रिय भाऊ,

पत्र वाचून आम्ही दोघं हसलो. बाबांना मात्र वाचून दाखवलं नाही.

अहो, तुमच्याशी बरोबरी करायची माझी काय टाप? बाबा इथं आले आणि खिडकीत बसून नुसते रस्ता बघायला लागले. मला ते बघवेना. म्हणून खेळण्यांच्या दुकानातून एक तयार इंजिन आणलं. प्लास्टिकचं, प्रवासी गाडीचं, म्हातारीशी लांबचंही नातं नसलेलं. आता कापाकापी चालू आहे. धुराडं आखूड केलं, वरचा घुमट मागे सरकवला, चाकं बदलून आठ केली. दवाखान्यातलं बारीक ड्रिल वापरतो, भेगा दाढेत भरायच्या सिमेंटनं बुजवतो. बाबा शेजारी बसून ‘अजून थोडं, अजून थोडं’ करतात. पेशंटसुद्धा इतकं ऐकवत नाहीत.

एक विचारायचं होतं. माझ्याकडे खोली नाही, जेवणाच्या टेबलावर ठेवायची फळी आहे, त्यामुळे रुळाचं वळण फार आवळलेलं आहे. आठ चाकांचं लांब इंजिन अशा वळणावर फिरेल का? काही युक्ती असते का? पुढच्या महिन्यात बाबांचे जुने फायरमन आणि दोनचार मित्र यायचेत. त्यांच्यापुढे चालवावं म्हणतो.

बाकी ठीक. बाबांचे डोळे जरा कुरकुर करतात, पण या वयात चालायचंच.

तुमचा धाकटा

---

३० जानेवारी

साडूबुवा,

म्हणजे दुसऱ्याचा कोट आणायचा, बाह्या कापायच्या आणि म्हणायचं मी शिवला! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. रागावू नका, साडू साडूला नाही बोलणार तर कुणाला बोलणार?

माझी म्हातारी आता सांगाड्यावर उभी आहे. बॉयलर वाकवताना तीन पत्रे वाया गेले, चौथा बसला. दांडे हलतात तेव्हा घड्याळासारखा आवाज येतो. बाहेरच्या माणसाला ते कळायचं नाही, पण बाबांना कळेल. बाबा माझ्या इंजिनाबद्दल काही विचारतात का? म्हणजे मुद्दाम विचारून घेऊ नका. आपणहून काही म्हणाले असतील तर कळवा.

फायरमनना नमस्कार. गाडी झोकात चालवा.

तुमचा थोरला साडू

---

२० फेब्रुवारी

भाऊ,

गाडी झोकात चालवली. पहिल्याच वळणावर इंजिन रुळावरून उतरलं, फळीच्या कडेवरून घरंगळलं आणि फायरमनच्या चहात पडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं. मी म्हणालो, वळणच नीट बसलेलं नाही. तर बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, ‘नाचता येईना अंगण वाकडं.’ म्हातारे लहान मुलांसारखे खिदळत होते. मीही हसलो. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, साधी गोष्ट आहे साहेब, चाकाला आतून जी उभी कड असते ना, रुळावर धरून ठेवणारी, ती मधल्या चाकांची कानशीनं घासून टाकायची. मग लांब इंजिनही वळतं. हे करणारा प्रत्येक जण हे करतो म्हणे.

भाऊ, प्रत्येक जण करतो. मी तुम्हाला सरळ विचारलं होतं. तुम्ही कोटाच्या बाह्यांवर अख्खं पान लिहिलंत आणि चाकांवर एक अक्षर नाही.

बाबांनी तुमच्या इंजिनाबद्दल काही विचारलेलं नाही.

धाकटा

---

१ मार्च

साडूबुवा,

विसरलो. माणूस विसरतो. थोरलीनं तुमचं पत्र वाचलं आणि म्हणाली, ‘तुम्ही विसरला नाहीत, मूग गिळून बसलात.’ दोन दिवस घरात अबोला होता. आता तिला काय सांगायचं? तुम्हालाही तेच सांगतो, विसरलो.

माझी म्हातारी तयार झाली. फक्त रंग राहिलाय. थोरली म्हणते तसंच पितळी घेऊन जा, बाबांना दाखवा, रंगाचं काय मोठंसं. मलाही एकदा वाटतं, पुढच्या आठवड्यात यावं. पण बिनरंगाचं इंजिन बाबांपुढे ठेवायचं म्हणजे अर्धी दाढी करून लग्नाला जाण्यासारखं. तुम्ही रोज त्यांच्याजवळ असता म्हणून विचारतो. येऊ की रंग करून येऊ? त्यांच्या डोळ्यांचं काय झालं? काही गंभीर नाही ना?

तुमचा थोरला साडू

---

९ मार्च

प्रिय भाऊ,

झालं गेलं गंगेला मिळालं.

माझं ऐकाल तर घाई करू नका. एवढी वर्षं खपलात, आता कशाला घाई? रंग नीट द्या, एक हात वाळला की दुसरा, दुसरा वाळला की तिसरा. तुमच्यासारख्याचं काम पूर्णच दिसायला हवं. बाबा कुठे पळून जात नाहीत.

डोळ्यांचं विशेष काही नाही. सकाळचा पेपर मी वाचून दाखवतो, त्यांना हल्ली कंटाळा येतो म्हणून. मीही माझं इंजिन पुन्हा उघडलंय. पण ते आता दवाखान्यातच ठेवतो, शेवटचा पेशंट गेला की तासभर बसतो. बाबांना दाखवत नाही. पुन्हा हसं नको.

तुमचा धाकटा

---

२ मे

साडूबुवा,

तुमचा सल्ला लाख मोलाचा ठरला! पहिला हात बसला तेव्हाच कळलं, इतके दिवस जे करत होतो ते नुसतं भांडं होतं, आता इंजिन झालं. दुसरा हात, मग बारीक कागदानं घासणं, तिसरा, पुन्हा घासणं, चौथा. वरून चकाकीचा एक. टेंडरवर, म्हणजे मागच्या कोळशाच्या डब्यावर, लाल रेघ ओढली, एकाच श्वासात, ब्रशला दोनच केस ठेवून. थोरली म्हणाली, यात तोंड बघून कुंकू लावता येईल. पुढच्या आठवड्यात

पुढचं दोन दिवसांनी लिहितोय. मध्ये धाकटीचं पत्र आलं.

बाबांना आता दिसत नाही. एक डोळा डिसेंबरातच गेला होता आणि दुसऱ्याचं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, चारपाच महिने, जास्त नाही. धाकटीला वाटत होतं तुम्ही मला कळवलंच असेल. ती लिहिते, बाबा रोज विचारत होते, ‘थोरल्यांची म्हातारी कधी यायची? नजर आहे तोवर बघायचीय.’ रोज विचारत होते!

आणि तुम्ही मला लिहिलंत, रंग वाळू द्या.

मी काय लिहू? मी चाकांच्या कडा लपवल्या, तुमचं इंजिन चहात पडलं. तुम्ही काय लपवलंत ते तुमचं तुम्ही बघा. इंजिन पुढ्यात आहे, चकाकतंय, आणि मला ते उचलून भिंतीवर मारावंसं वाटतंय.

---

१० मे

भाऊ,

हो, लपवलं. भिंतीवर मारायचं तर मला मारा, इंजिनाला नको.

तुम्हाला वाटतं बाबा माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसतात म्हणजे मी काही जिंकलो. अहो, बसतात माझ्याशेजारी आणि बोलतात तुमच्याबद्दल! ‘थोरल्यांनी हे असं चिकटवलं नसतं.’ ‘थोरले पत्र्याचं करताहेत, हे आपलं प्लास्टिक.’ त्यांना गरम पाणी मी देतो, औषध मी घालतो, फिरायला मी नेतो. कौतुक मात्र वर्षातून एकदा येणाऱ्या माणसाचं. तुम्ही येणार म्हटल्यावर माझ्या पोटात असं काही दुखलं की हातून लिहिलं गेलं, घाई करू नका. मग वाटलं, पुढच्या पत्रात खरं लिहू. पण पुढे तुमचं पत्रच आलं नाही आणि मला बरंच वाटलं.

धाकटी माझ्याशी बोलत नाही. बाबांना यातलं काही माहीत नाही. या. इंजिन घेऊन या. डोळ्यांनी नाही तर हातांनी बघतील.

धाकटा

---

२६ मे

साडूबुवा,

सुखरूप पोचलो. धाकटीला सांगा, चटणी सांडली नाही.

राग अजून आहे, पण आता तो धरवत नाही. कारण तुम्हाला दवाखान्यात बोलावणं आलं आणि मागे काय झालं ते तुम्ही पाहिलं नाहीत. टेबलावर दोन्ही इंजिनं होती. बाबांनी दोन्ही हातांत घेऊन पाहिली. चाकं मोजली, दांडे हलवले, बॉयलरवरून अंगठा फिरवला. आणि मग ते जे बोलले! ‘थोरले, हात आहे हो तुमचा. हा एकेक रिव्हेट लागतोय. वजनसुद्धा म्हातारीचंच. मी तिच्या पायरीवर उभा आहे असं वाटतंय.’ त्यांचे डोळे भरून आले.

इतकी वर्षं मी कशासाठी पत्रा घासत होतो ते तुम्हाला कळणार नाही. कळलं तरी तुम्हाला आवडणार नाही, तेही मला ठाऊक आहे. पण साडूबुवा, खुर्ची तुमच्याशेजारी असेल, शब्द मला मिळाला. आता तुम्ही जळा थोडे.

माझं इंजिन बाबांजवळच राहू द्या.

तुमचा थोरला साडू

---

५ जून

भाऊ,

ज्याचा दात दुखत होता तो मी दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत घाबरून पळून गेला होता. मी लगेच परत आलो होतो. दार अर्धं उघडं होतं आणि मी बाहेर उभा होतो.

बाबांनी आधी तुमचं इंजिन घेतलं. त्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘गुळगुळीत आहे. साबणाच्या वडीसारखं. हे धाकट्यांचं ना? जमलं की त्यांना, दात काढणाऱ्या माणसाच्या मानानं.’ तुम्ही म्हणालात, ‘होय.’

मग त्यांनी माझं घेतलं.

तुमचे रिव्हेट मापात आहेत, खसखशीपेक्षा बारीक. पाच हातांच्या रंगाखाली ते बुडाले, भाऊ. डोळ्यांना दिसतात, बोटाला लागत नाहीत. माझे मी सुईनं सिमेंटचे थेंब ठेवून केलेत, मापापेक्षा दुप्पट जाड. तुम्ही पाहिलेत तेव्हा नाक मुरडलंत. मला तुमच्यासारखी रेघ ओढता येत नाही म्हणून मी रंगच दिला नाही, नुसता काळा हात पुसला. पुन्हा चहात पडू नये म्हणून बॉयलरमध्ये ठासून शिसं भरलं, तुमच्या पोकळ पत्र्यापेक्षा ते जड झालं, आणि ड्रायव्हरची प्लास्टिकची कॅब फेकून पत्र्याची केली. हे सगळं दवाखान्यात बसून केलं, तुमच्या इंजिनाशेजारी ठेवून मिरवायचं म्हणून बाबांना दाखवलं नाही. त्यांच्या लेखी माझं इंजिन अजून ते हलकं प्लास्टिकचंच आहे. मग जड, खडबडीत, खरं लागतंय ते थोरल्यांचंच असणार.

ते तुम्हाला ‘थोरले, हात आहे हो तुमचा’ म्हणाले तेव्हा त्यांच्या हातात माझं इंजिन होतं. तुम्ही गप्प बसलात. मीही दारातून आत आलो नाही. का आलो नाही ते मला अजून कळलेलं नाही.

आता ऐका इथं काय चालतं ते. रोज सकाळी बाबा म्हणतात, ‘थोरल्यांची म्हातारी द्या जरा.’ मी माझं इंजिन त्यांच्या मांडीवर ठेवतो. ते बोटांनी चाचपत बसतात, जुन्या फेऱ्या सांगतात, आणि म्हणतात, ‘जीव ओतलाय हो थोरल्यांनी.’ मी म्हणतो, ‘हो बाबा.’ रोज म्हणतो. खरं सांगायला तोंड उघडतो आणि वाटतं, त्यांच्या थोरल्यांनी त्यांना फसवलं हे त्यांना मी का सांगू? लोक म्हणतील धाकटा जळतो. आणि जळतोच तर.

तुमचं इंजिन काचेच्या कपाटात आहे. आलेला प्रत्येक जण बघत राहतो. बाबा त्यांना सांगतात, ते आमच्या धाकट्यांचं, चांगलं आहे तेही.

काय करू ते सांगा.

धाकटा

---

११ जून

साडूबुवा,

तुमचं पत्र दुकानात आलं. गिऱ्हाईक समोर होतं, मी शटर ओढून घेतलं.

सबब शोधली, नाही असं नाही. अंध माणूस, एवढा आनंद झाला होता, मोडू कशाला. छान सबब आहे. थोरलीला सांगून पाहिली. ती म्हणाली, ‘तुमचा आनंद मोडला असता, बाबांचा नाही.’ 

मग दुसरा विचार आला. म्हटलं, इंजिन परत मागवू, सगळा रंग द्रावणानं उतरवू आणि नुसतं पितळी त्यांच्या हातात देऊ. मग बघू कुणाचे रिव्हेट लागतात! विचार करता करता मी द्रावणाची बाटली शोधायलाही उठलो. म्हणजे बघा, अजून जिंकायचंच होतं मला. बाटली सापडली. परत ठेवून दिली.

तुमचा मला हेवा वाटतो, साडूबुवा. खुर्चीचा वाटत होता, आता हाताचा वाटतो. जाड रिव्हेट, पुसलेला रंग, कापाकापीचं इंजिन, आणि म्हाताऱ्याला पायरीवर उभं केलंत. आणि गंमत अशी, की ज्या शब्दासाठी मी एवढी वर्षं झुरलो तो रोज सकाळी तुमच्या घरी बोलला जातो, माझं नाव घेऊन, आणि मी त्यात कुठेच नसतो. इथं बसून लोकांच्या घड्याळांना किल्ल्या देत असतो. रोज सकाळी नेमका त्या वेळेला मला तुमच्या घराची आठवण येते आणि किल्ली जास्त पिळली जाते.

बाबांना तुम्ही काही सांगू नका. तुम्ही सांगितलंत तर ते तुमचं ऐकतील आणि मला कधी विचारणार नाहीत. ते मला माहीत आहेत. मी रविवारच्या गाडीनं येतोय. दोन्ही इंजिनं त्यांच्यापुढे मी ठेवीन, आणि कुठलं कुणाचं ते मीच सांगेन. माझं हातात देताना सांगेन, बाबा, हे साबणाच्या वडीसारखं आहे ते माझं. पुढे ते काय म्हणतील ते म्हणोत. ‘छान आहे’ म्हणून चहा मागतील, दुसरं काय.

पण एक करा. कुणाची दाढ ठणकू दे, कुणी रडत येऊ दे, रविवारी खोलीतून हलू नका. माझ्यासमोर बसा. तुम्ही बघत असलात तर माझ्याच्यानं दुसऱ्यांदा ‘होय’ म्हणवणार नाही.

तुमचा थोरला साडू